अडतीस माकडतोंडं

केन फोर्ड, टेनेसी
रविवार, ९ फेब्रुवारी २००३

माझ्या डार्लाबाईस,

तुझं पाकीट गुरुवारी आलं आणि आज दुपारपर्यंत अख्ख्या चर्चचं वाचून झालं. मी कुणाला दाखवत सुटले नाही हं. मी फक्त पोस्टात विल्माला म्हटलं, "चष्मा घरी राहिलाय, जरा मोठ्याने वाच." चष्मा माझ्या कपाळावर होता, तो तिला दिसला नाही त्याला मी काय करू? पोस्टात तेव्हा सात माणसं होती. आठवं कुत्रं.

तर विद्यापीठाने संगणकाच्या पानावर तुझा फोटो छापला, खाली तुझं शिक्षण छापलं, तुझं संशोधन छापलं, आणि ते जपानातसुद्धा कुणी उघडून बघू शकतं. विल्मा म्हणाली, "ओझेला, तुझी नात आता जगाला दिसते." मी म्हटलं, "मग तिने केस तरी विंचरायचे होते." ते छापील पान आता फ्रिजवर चिकटवलंय.

आता माझ्या तक्रारी. 'टेनेसीच्या ग्रामीण भागात बालपण.' ग्रामीण भाग म्हणजे काय गं? गावाला नाव आहे. तू जन्मलीस तेव्हा पाटीसुद्धा होती, ती तुझ्या ओडेलकाकाने ट्रक मागे घेताना पाडली. दुसरं, 'शिक्षण' म्हणून तू दोन पदव्या लिहिल्यास आणि तिसरी 'सुरू' लिहिलीस. छान. पण नदीच्या तळचा शिंपला पायाच्या बोटांनी ओळखायला तुला कुणी शिकवलं? चार वर्षांची होतीस. माझ्या कमरेचा दोर तुझ्या कमरेला, डोळे गच्च मिटलेले, आणि पाय टेकला की किंचाळायचीस, "आजी, टाचफोड्या! आजी, हत्तीकान! आजी, माकडतोंड!" हे कुठल्या वर्गात शिकवतात? लिही तिथे: प्राथमिक शिक्षण, हॅचर नदी, गुडघाभर पाणी.

आणि माकडतोंडाचं तू ते लॅटिन नाव का घातलंस? विल्मा अडखळली. पास्टरना बोलावलं, तेही अडखळले. म्हणाले, बायबलात नाही. ज्याच्या कडेला माकडाच्या नाकाडासारखा बाक, तो शिंपला माकडतोंड. इतकं सरळ नाव असताना!

काल नदीवर गेले होते. (ओडेलला सांगू नकोस, त्याला वाटतं सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईने खिडकीतून नदी बघावी.) पाणउंदराने यंदाही काठावर झकास ढीग लावलाय. हिवाळाभर शिंपले फोडून खातो मेला आणि कवचं तिथेच टाकून जातो, अगदी तुझ्या काकासारखा. तुझ्या आजोबांसाठी यंदाचं ताजं माकडतोंड मिळालं. मे महिन्यात सजावटीच्या रविवारी, थडगी झाडून सजवतात तेव्हा, नेहमीप्रमाणे एक शिंप हर्शेलच्या थडग्यावर, जोडीची एक शिंप डब्यात.

तिकडे उत्तरेत मक्याच्या पावात साखर घालतात म्हणे. खाऊ नकोस.

तुझी आजी
ओझेला प्रुइट


ओहायो
१७ फेब्रुवारी

आजी,

थांब. 'जोडीची शिंप डब्यात' म्हणजे कुठल्या डब्यात?

मी लहानपणापासून आजोबांच्या थडग्यावरच्या शिंपांवरून उड्या मारल्यात आणि तुझ्या हातच्या धपाट्यांसकट मला त्या पाठ आहेत. पण शिंपल्याला दोन बाजू असतात आणि तू एकच ठेवतेस, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. दोन पदव्या घेऊन!

ऐक, हे महत्त्वाचं आहे. शिंपला झाडासारखा असतो. दर वर्षी त्याचं एक वळं वाढतं. तो कुठल्या वर्षी मेला हे ठाऊक असेल तर कडेपासून आत मोजत जायचं आणि प्रत्येक वळ्याचं साल सांगता येतं. कुठल्या साली नदीत पोटभर मिळालं, कुठल्या साली उपास पडला, सगळं. वरचं धरण १९७६ला अडवलं. त्याच्या आधीचे आणि नंतरचे, साल माहीत असलेले शिंपले मिळाले, तर धरणाने नदीचं काय केलं ते शिंपल्यांच्याच तोंडून ऐकता येईल. इथल्या संग्रहालयात पेट्यांवर पेट्या आहेत, पण मेल्याचं साल एकावरही नाही. माझे मार्गदर्शक डॉ. लिंडक्विस्ट म्हणतात, ही काटे नसलेली घड्याळं.

तुझ्या डब्यात किती आहेत? आणि कुठली कोणत्या सालची ते तुला सांगता येईल का?

बाकी सगळं ठीक. जूनमध्ये तोंडी परीक्षा आहे, त्या गडबडीत आहे.

तुझी
डार्ला

ता. क. साखरेचा पाव खाल्ला. वाईट नव्हता. माफ कर.


केन फोर्ड
२६ फेब्रुवारी

डार्ला,

पावाचं मी देवावर सोपवलं.

तुझ्या पत्रात 'जूनमध्ये' आणि 'तोंडी परीक्षा' यांच्या मधे एक शब्द खोडलाय. चांगला दाबून खोडलाय. पण कागद पातळ आणि माझी स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला. धरला काचेवर. 'पुन्हा.'

म्हणजे एकदा झाली तर. आणि सांगितलं नाहीस. मी तुला काय खाल्लं असतं का? तुझे आजोबा शिंपल्यांची होडी पहिल्यांदा नदीत घालताना पाण्यात पडले. सगळ्या काठासमोर. तळातले शिंपले ओढायचा दांडा, त्याला लोंबणारे शंभर लोखंडी आकडे, शर्ट, सगळं एकात एक. मी काठावर उभी होते, पंधरा वर्षांची, इतकी हसले की उचकी लागली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. मी पण पुन्हा गेले. लग्न त्यातूनच जमलं. तेव्हा 'पुन्हा'ला नावं ठेवायची नाहीत.

आता डबा. डुकराच्या चरबीचा मोठा डबा असतो ना, तो, मांसाला धुरी द्यायच्या धुरघरात, जुन्या खोगिराखाली. हर्शेल चौसष्टच्या ऑक्टोबरात गेले. पासष्टच्या मेपासून दर वर्षी एक माकडतोंड. आधी मी स्वतः पाण्यातून काढायची. मग सरकारने शिंपल्यांना हात लावू नका अशी पाटी लावली, तेव्हापासून पाणउंदराच्या ताटातलं घेते, त्याला पाटी वाचता येत नाही. शिंपला उघडला की दोन्ही शिंपांच्या आत, गुळगुळीत बाजूला, कोठाराच्या लाल रंगाने साल लिहायचं. एक त्यांना, एक मला. नवरा-बायकोत काही तरी सारखं वाटून घ्यायला नको? गेल्या सालापर्यंतचे अडतीस. सगळ्यांवर साल.

घड्याळाचे काटे पाहिजेत ना तुझ्या साहेबांना? अडतीस देते. सोमवारी पोस्टात टाकते.

आजी


केन फोर्ड
सोमवार, ३ मार्च

(खोक्यातली चिठ्ठी)

डार्ला,

मोज. अडतीस आहेत. प्रत्येक शिंप जुन्या मोज्यात गुंडाळलीय, मोजे परत पाठवायची गरज नाही.

बघ कशा लखलखतात! दोन दिवस मी न्हाणीच्या टबात बसून घासल्या. आधी लायचं, म्हणजे त्या जळजळीत क्षाराचं, पाणी, मग तारेची घासणी. प्राध्यापकाच्या टेबलावर जाणार, आणि प्रुइटांच्या घरातून मळका जिन्नस गेला असं कुणी म्हणायला नको. चिखल तर गेलाच, तो लाल रंगसुद्धा पार काढला. फार चिवट होता गं! पण मीही काही कमी नाही.

आजी


ओहायो
४ मार्च

आजी!!

सालं लिहिलेली!! अडतीस!! डॉ. लिंडक्विस्ट बावीस वर्षं शिकवताहेत आणि त्यांना कुणी हसताना पाहिलेलं नाही. काल तुझं पत्र वाचून दाखवलं तर ते उठले, खिडकीपाशी गेले, परत आले, खुर्चीवर न बसता टेबलावर बसले. आमच्याकडे याला नाच म्हणतात.

फक्त एक कर. काहीच करू नकोस. पुसू नकोस, धुऊ नकोस, फुंकरसुद्धा मारू नकोस. आहेत तशा पाठव.

डार्ला


ओहायो
११ मार्च

प्रिय आजी,

खोकं पोचलं. शिंपा खरंच फार सुंदर दिसताहेत. संग्रहालयातल्या बाईंनी तर विचारलं, या पॉलिश केल्यात का. तू एवढे कष्ट घेतलेस, मला काय बोलावं कळत नाही. सगळं अगदी छान आहे. त्यांचा नक्कीच उपयोग होईल.

मोजेही छान आहेत.

तुझी
डार्ला


ओहायो
१३ मार्च

आदरणीय श्रीमती प्रुइट,

आपल्या नातीने मला हे पत्र लिहायला मनाई केली आहे. तिचं म्हणणं, आपल्याला वाईट वाटेल. मला पत्रांत नाजूकपणा जमत नाही, तेव्हा सरळ लिहितो.

आपण काढलेला तो लाल रंग हाच एकमेव पुरावा होता. सालं असती तर ही अडतीस कवचं म्हणजे मी आजवर पाहिलेली नदीची सर्वांत चांगली रोजनिशी होती. सालांशिवाय ती अडतीस स्वच्छ कवचं आहेत. आतली वळी शाबूत आहेत, परंतु मोजायला कुठून सुरुवात करायची ते कळायला मार्ग नाही.

डार्लाची तोंडी परीक्षा ११ जूनला आहे. ही दुसरी वेळ. गेल्या खेपेला तिघा परीक्षकांनी एकच विचारलं: तुझ्या शिंपल्यांचं साल कशावरून? त्या एका प्रश्नावर ती नापास झाली. नियमाने तिसरी संधी नसते. ती मला भेटलेली सर्वांत चांगली विद्यार्थिनी आहे, हे मी तिला सांगितलेलं नाही आणि आपणही सांगू नये.

एखाद्या कवचाचं साल आपल्याला नुसत्या आठवणीने ओळखता येईल काय?

आपला
आर्विड लिंडक्विस्ट


केन फोर्ड
१९ मार्च

डार्ला,

'सगळं अगदी छान आहे.' खोटारडी! तुझ्या साहेबांचं पत्र आलंय. मला आवडला तो माणूस. कोरडा आहे, पण खरं बोलतो.

पत्र वाचलं आणि मी ती तारेची घासणी उचलून अंगणात भिरकावली. कोंबडीला लागली. मग पायरीवर बसून रडले थोडी. आयुष्यात एकदा माझ्या नातीला माझ्याकडचं काही हवं होतं आणि ते मी लायने धुऊन काढलं. ओडेल आला, म्हणाला, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "मी स्वच्छ बाई आहे, हे झालं." तो म्हणाला, "ते तर नेहमीचंच." आणि फ्रिज उघडून उभा राहिला.

आणि तो तिथे उभा असताना, त्याच्या पाठीकडे बघता बघता, मला हर्शेल आठवले. ते पण असेच उभे राहायचे. आणि हर्शेल आठवले तसं त्यांचं थडगं आठवलं. अगं बाई! मी आरोळी ठोकली तशी ओडेलच्या हातून दुधाची बाटली पडली.

अगं, माझे अर्धे मी घासले. त्यांचे अर्धे कुणी घासलेत? ते पालथे पडलेत त्यांच्या छातीवर, रंगाची बाजू मातीकडे. ना ऊन, ना पाऊस. सगळी सालं तिथेच आहेत!

आता तू म्हणशील, पण कुठल्या शिंपेची जोडी कुठली ते कसं कळणार. तू प्रुइट आहेस का कोण? शिंपल्याच्या बिजागरीला दात असतात. डाव्याचे दात उजव्याच्या खाचेत. हर्शेल बटणांच्या कारखान्याला शिंपले विकायचे तेव्हा मी पिंपभर सुट्या शिंपांतून जोड्या लावायची, नुसत्या गमतीने. परकी शिंप लावली की डुगडुगते, फट राहते. आपली लागली की टिक्. बस. जगात एकीशीच टिक्.

तर मेमधे तू आणि तुझे साहेब दोघं या, खोकं घेऊन. सजावटीचा रविवार ११ तारखेला आहे. त्याआधी नाही. थडग्यावरची शिंप त्या एका दिवशीच उचलायची, झाडून पुसून सगळं परत मांडायला. इतर दिवशी हात लावत नाहीत, हे तुला माहीत आहे. त्यासाठी मी विद्यापीठालासुद्धा सूट देणार नाही. आणि थडग्यावरची एकही शिंप गावाबाहेर जाणार नाही. साल वाचा, लिहून घ्या, परत ठेवा.

मी या वर्षी पुसणार नाही. देवाशपथ.

आजी


ओहायो
३ मे

आजी,

टिक्! मी महिनाभर तेवढंच म्हणत फिरतेय.

आणि आता वाईट बातमी, तीही इतकी मूर्खपणाची की लिहायला लाज वाटते. काल ओढ्यात, शेवाळ्याच्या धोंड्यावर, बारा विद्यार्थ्यांना 'धोंड्यावर पाय कसा ठेवावा' हे दाखवताना मी घसरले. घोटा मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर आहे आणि डॉक्टर आठ तास गाडीत बसू देत नाहीत.

डॉ. लिंडक्विस्ट एकटेच येताहेत. शिंपा नंबर घातलेल्या पिशव्यांत घेतल्यात. सरकारी परवान्याचे कागद घेतलेत, टाय घालावा का असंही त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. आजी, त्यांच्याशी जरा सांभाळून. ते दुपारी एक सफरचंद खातात आणि कुणी खांद्यावर हात ठेवला तर दचकतात.

पहिल्या परीक्षेचं तुला सांगितलं नाही कारण तू माझं पान फ्रिजवर चिकटवलंस. तिथून ते काढावं लागेल असं वाटायचं.

सगळं तुझ्या हातात आहे. घासू नकोस.

डार्ला


केन फोर्ड
सोमवार, १२ मे

डार्ला, डार्ला, डार्ला,

पहिल्यापासून सांगते, नाही तर मला सुधरायचं नाही.

तुझे साहेब सकाळी सातला हजर. इतका उंच माणूस, आणि टाय काळा! पास्टर मला हळूच म्हणाले, "कोण वारलं?" मी म्हटलं, "अजून कुणी नाही, पण सफरचंदावर राहिला तर हाच." आधी त्यांना बसवून दोन अंडी, ग्रेव्ही आणि भट्टीतली चार मऊ, पावासारखी बिस्किटं खायला लावली. "मी सकाळी खात नाही," म्हणाले. मी म्हटलं, "मीही प्राध्यापकांशी बोलत नाही. दोघांनीही आज करून बघू."

थडग्यापाशी माझी जुनी गोधडी पसरली. त्यांनी तीवर आपल्या पिशव्या ओळीने मांडल्या, एक ते अडतीस. मी प्रार्थना म्हटली, आणि हर्शेलना सांगितलं, "तुमच्या वस्तू जरा चाळवतेय, ओरडू नका." पहिली शिंप उलटली. लाल रंग कालचा वाटावा असा. ६५!

मी डोळे मिटले, बोटाने दात चाचपले आणि पिशव्यांवरून हात फिरवत गेले. डुगडुग. डुगडुग. फट. एकोणिसाव्या पिशवीला, टिक्! साहेब गुडघ्यावर होते. म्हणाले, "पुन्हा करून दाखवता?" मी उघडली, मिटली. टिक्. ते म्हणाले, "मला द्या." त्यांनी केली. टिक्. मग त्यांनी ती आणखी नऊ वेळा उघडमिट केली, अगदी तू खुळखुळ्याशी खेळायचीस तशी.

मी तासाभरात सहा लावल्या. आणि वर ढग! साहेब घड्याळ बघताहेत, मी ढग बघतेय. तेवढ्यात विल्मा फुलं घेऊन आली. "ओझेला, चिखलात काय रांगतेस?" सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे डार्लाच्या परीक्षेचा अभ्यास?" मी म्हटलं, "तोच." तिने टोपी काढली, फुलं नवऱ्याच्या थडग्यावर जवळजवळ फेकलीच, आणि बसली खाली. तिला बघून तिची बहीण. मग ओडेल. मग तेरा जण. मग सगळं चर्च! दोन-दोन शिंपा हातात घेऊन माणसं थडग्यांमधून फिरताहेत, "तुझ्याकडे डावी आहे का?", "ही नाही बसत!", "अरे, उलटी धरलीयस बावळ्या!" पास्टरनी प्रवचन सात मिनिटांत उरकलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा. शिंपला टिक् झाला की लोक 'आमेन' ओरडायला लागले.

त्र्याऐंशी सालची दोन तुकड्यांत निघाली. ओडेल एकदम ढगांचा अभ्यास करायला लागला. मी म्हटलं, "गवत कापायचं यंत्र कुणी चालवतं इथे?" तो म्हणाला, "आई, वीस वर्षं झाली, सोड आता." पण तुकडे जोडले आणि बसली. टिक्, थोडीशी टिक्क्.

साहेबांनी स्वतःची पहिली जोडी लावली ती ९१. उभे राहिले, दोन्ही हात वर, आणि ओरडले, "एक्क्याण्णव!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विल्माने त्यांना मिठी मारली. दचकले, पण पळाले नाहीत. जेवणात त्यांनी तळलेल्या कोंबडीचे तीन तुकडे, भरली अंडी मी मोजली नाहीत, आणि मक्याचा पाव. खाऊन म्हणाले, "यात साखर नाही." मी श्वास रोखला. म्हणाले, "हे बरोबर आहे." डार्ला, या माणसाला सोडू नकोस.

पावसाचा पहिला थेंब पडला तेव्हा सदतीस झाल्या होत्या. एक उरली. आणि थडगं रिकामं. सदतीसच निघाल्या तिथून! लोकांनी गवत उपटलं, शेजारच्या थडग्याखाली बघितलं, ओडेलचे खिसे बघितले. साहेबांचा चेहरा परत सकाळसारखा. वहीत बघून म्हणाले, "श्रीमती प्रुइट, सत्त्याहत्तर नाही. धरण अडवल्यानंतरचं पहिलं साल. नेमकं तेच."

सत्त्याहत्तर. आणि मला इतकं हसू आलं की विल्माने पाणी आणलं.

अगं, सत्त्याहत्तरच्या मेमधे तू अडीच महिन्यांची होतीस. मी तुला काखेत घेऊन शिंप ठेवायला वाकले आणि तू ती पकडलीस. सोडेचना! एक बोट सोडवलं की दुसरं वळायचं. सगळ्या रविवारभर तू बोंब मारलीस. शेवटी मी हर्शेलना म्हटलं, "हिची झाली ही. तुम्ही पुढच्या वर्षी घ्या." त्यांनी तक्रार केली नाही.

ती तुझ्याकडे आहे, डार्ला. कॉलेजला गेलीस तेव्हा तुझ्या पेटीत मीच घातली होती. शोध! अंथरूण उलट, पेट्या उलट, लंगडत शोध. उरलेली पिशवी साहेबांनी छातीशी धरून नेली आहे.

आजी


ओहायो
१६ मे

आजी,

मी शोधलं नाही. तुझं पत्र न्हाणीघरात, टबाच्या कडेवर बसून वाचत होते, प्लास्टरचा पाय बाहेर काढून. वाचून मान वर केली.

मी तिच्यात साबण ठेवते. आठ वर्षं.

आतला रंग कधीच गेला. म्हणजे तू अडतीस सालं लायने धुतलीस आणि एक मी लॅव्हेंडरच्या साबणाने. आपण एकाच घरच्या आहोत. साबणाच्या हातांनीच कुबड्या घेतल्या, प्रयोगशाळेत गेले. डॉ. लिंडक्विस्टनी पिशवी उघडली. दोघांनी श्वास धरला.

आजी, टिक्.

डार्ला


ओहायो
१२ जून

आजी,

काल झाली.

पहिला प्रश्न तोच. साल कशावरून? मी खिशातून साबणाची शिंप काढली, दुसऱ्या खिशातून तिची जोडी, आणि बंद केली. मग म्हटलं, "ही बंद होते. दुसरी कुठलीही लावून बघा." त्यांच्यापुढे आणखी दहा ठेवल्या. तिघे मोठे परीक्षक, एकाला तर पदक मिळालंय, वीस मिनिटं शिंपा लावत बसले. "ही नाही बसत." "उलटी धरलीय तुम्ही." मी हसू दाबत होते. मग मी त्यांना सदतीस लाल सालांचे फोटो दाखवले आणि उरलेलं एक साल सांगितलं. मग कापलेल्या शिंपांतली वळी. शहात्तरपर्यंत रुंद, आणि सत्त्याहत्तरला एकदम केसासारखं बारीक. धरणाच्या तळाचं थंड पाणी येऊन नदी गार पडली, आजी, आणि तुझ्या माकडतोंडांनी ते लिहून ठेवलं होतं.

मला बाहेर उभं केलं. चार मिनिटांनी दार उघडलं. डॉ. लिंडक्विस्ट होते. त्यांनी दोन्ही हात वर केले.

पास झाले, आजी! पास!

संग्रहालयाच्या पेटीवर पट्टी लागली आहे: 'हॅचर नदी, केन फोर्ड. १९६५ ते २००२. संग्राहक: ओझेला प्रुइट.' आणि माझं पान बदललंय. छापून पाठवतेय. 'शिक्षण'खालची पहिली ओळ वाच.

ता. क. साबणाची शिंप आजोबांची आहे. पुढच्या मेमधे मी स्वतः ठेवायला येते. उशिराबद्दल काय बोलतील?

डार्ला


केन फोर्ड
रविवार, २२ जून

माझ्या डार्लाबाईस,

वाचली. 'प्राथमिक शिक्षण: हॅचर नदी, गुडघाभर पाणी.' पोस्टात वाचली, चर्चमध्ये वाचली, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना विल्माकडून वाचवून घेतली. जुनं पान फ्रिजवरून काढलं नाही. नवं त्याच्या शेजारी लावलं. ओडेल म्हणतो, आता फ्रिजचा दांडा सापडत नाही. बरंच आहे.

तुझ्या साहेबांचं पत्र आलं. चार ओळी. तिसऱ्या ओळीत ग्रेव्हीची कृती विचारलीय.

त्या पट्टीवर मात्र चूक आहे, ती दुरुस्त करून घे. पाटी लागल्यापासूनचे सगळे पाणउंदराने काढलेत, मी फक्त उचललेत. प्रुइटांच्या नावावर दुसऱ्याच्या कष्टाचं खपायला नको. 'ओझेला प्रुइट आणि पाणउंदीर' असं लिहा. त्याचं पहिलं नाव मला माहीत नाही.

हर्शेलना मी विचारलं. सव्वीस वर्षं थांबलेत, आणखी एक वर्ष काही अवघड नाही म्हणाले. पण घोटा धड करून ये. प्रुइटांच्या घरात पाण्यात पडायला एकदाच परवानगी असते, आणि ती त्यांनी वापरली.

आता तुझा साबण कशात राहील याची मला काळजी. म्हणून सोबत या वर्षीची शिंप पाठवतेय, २००३ची. जोडीची हर्शेलकडे आहे. आत लाल रंगाने साल आहे, बाहेर नदीचा चिखल, आणि बिजागरीशी पाणउंदराच्या दाताचा ओरखडा.

धुतलेली नाही. हात फार शिवशिवले, पण धुतलेली नाही.

तुझी आजी
ओझेला